जॅक लेस्ली : न मिळालेली टोपी

१/ ऑक्टोबर १९२५. प्लिमथ अर्गाइल क्लबचे व्यवस्थापक बॉब जॅक यांनी जॅक लेस्ली या खेळाडूला कार्यालयात बोलावून आनंदाची बातमी दिली. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात त्याची निवड झाली होती. तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबसाठी हा दुर्मीळ मान होता. बातमी शहरभर पसरली.

२/ लेस्लीचा जन्म १९०१ चा, लंडनच्या गोदीलगतच्या कॅनिंग टाउनमधला. वडील जमैकाचे कृष्णवर्णीय, आई इंग्रज. १९२१ पासून तो प्लिमथकडे होता. आघाडीच्या फळीत डावीकडे त्याची आणि सॅमी ब्लॅकची जोडी विलक्षण जमली होती.

३/ तेव्हा इंग्लंडचा संघ फुटबॉल असोसिएशनची निवड समिती ठरवीत असे. समितीतल्या साऱ्यांनी प्रत्येक खेळाडू डोळ्यांनी पाहिलेला असेच, असे नाही. (राष्ट्रीय संघाला स्वतंत्र व्यवस्थापक मिळाला तो थेट १९४६ मध्ये!)

४/ प्रत्यक्षात संघ जाहीर झाला तेव्हा अकरांत लेस्ली नव्हता. कारण अधिकृतपणे कोणी सांगितले नाही. गावातली चर्चाही एकाएकी थांबली. लोक त्याची नजर चुकवू लागले. पुढे उतारवयात त्याने सांगितले, की असोसिएशनची माणसे आपल्याला पुन्हा पाहायला आली होती, पण खेळ नव्हे, चेहरा पाहायला; असे आडून आडून कानावर आले होते.

५/ २४ ऑक्टोबरला बेलफास्टमध्ये इंग्लंड-आयर्लंड सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्याच दिवशी प्लिमथने बोर्नमथला ७-२ असे हरवले. त्यांतले दोन गोल लेस्लीचे.

६/ पुन्हा बोलावणे कधीच आले नाही. तो प्लिमथकडेच राहिला. तिसऱ्या श्रेणीच्या दक्षिण गटातून केवळ विजेताच वर चढे, आणि प्लिमथ १९२२ ते १९२७ अशी सलग सहा वर्षे दुसरे आले! अखेर १९३० मध्ये बढती मिळाली. लेस्ली पुढे कर्णधारही झाला. सुमारे ४०० सामने, १३७ गोल.

७/ निवृत्तीनंतर तो बॉयलर बांधणीच्या कामावर परतला. म्हातारपणी वेस्ट हॅम क्लबमध्ये बूट साफ करण्याचे काम त्याने पत्करले. बॉबी मूर, जेफ हर्स्ट, मार्टिन पीटर्स या विश्वविजेत्यांचे बूट त्याच्या हातून जात. आपल्यासमोर बसलेला म्हातारा कोण आहे, हे त्या क्लबातल्या किती जणांना ठाऊक असेल?

८/ नोव्हेंबर १९७८ मध्ये व्हिव्ह अँडरसन इंग्लंडच्या मुख्य संघाकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ठरला. लेस्ली तेव्हा हयात होता. १९८८ मध्ये तो वारला. २०२२ मध्ये प्लिमथच्या होम पार्क मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. असोसिएशनने अन्यायाची कबुली देऊन मरणोत्तर मानाची टोपी जाहीर केली. २०२३ मध्ये ती त्याच्या कुटुंबीयांच्या हाती आली.