दाते, घाट आणि पेट्रोल

जुनी शंभर सीसीची मोटरसायकल घेणाऱ्या नवशिक्याला पहिला सल्ला बहुधा पेट्रोलचा मिळतो: महागातलं टाक, इंजिन टिकेल. त्र्यंबकेश्वरच्या परिसरात तरी हा क्रम उलटा हवा. इथे आधी पुढच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चक्राचे, दाते मोजावेत, आणि त्याचं कारण या गाड्यांच्या घडणीत आहे. १९८५ पूर्वी रस्त्यावर राजदूत, येझदी आणि बुलेट होत्या. त्यांतल्या पहिल्या दोन टू-स्ट्रोक, म्हणजे ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणाऱ्या. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर, आणि गिऱ्हाईक गाडीची ताकद सोडून अॅव्हरेज विचारू लागलं. सात-साडेसात हॉर्सपॉवरच्या इंजिनाकडून अॅव्हरेज काढायचं तर टॉप गिअरमध्ये त्याचे फेरे कमी ठेवावे लागतात. नाशिक-त्र्यंबक या बऱ्याचशा सपाट रस्त्यावर हे गणित उत्तम जमतं. मोखाड्याकडून वर येताना तोरंगणच्या घाटात, मागे माणूस आणि मध्ये तांदळाचं पोतं असताना, ते कोलमडतं. नवशिका मग हाफ क्लचवर गाडी ओढतो आणि क्लचप्लेटा जाळतो.

इथेच दात्यांचा हिशेब कामी येतो. समजा पुढे १४ दाते आहेत आणि मागच्या स्प्रॉकेटला ४२. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट ३ वेळा फिरतं. पुढे १३ दात्यांचं बसवलं की हा आकडा ३.२३ होतो, चाकाला मिळणारी ओढ सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढते. तेवढाच फरक मागून करायचा तर ३ दाते वाढवावे लागतील आणि चेनही कदाचित अपुरी पडेल. यावर आक्षेप असा की वेग कमी होतो, अॅव्हरेजही थोडं घटतं आणि सपाटीवर इंजिन जास्त ओरडतं. आक्षेप खरा आहे. म्हणूनच रोज सातपूरच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याने कंपनीचेच दाते ठेवावेत. पण ज्याचं येणं-जाणं मोखाडा-जव्हारकडे आहे, त्याला वरचा वेग वापरायला मिळतोच कुठे? त्याला उपयोग पहिल्या-दुसऱ्या गिअरचा, आणि नवशिक्याची गाडी बंदही तिथेच पडते.

महाग पेट्रोलवरची श्रद्धा मात्र मूर्खपणातून आलेली नाही. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं की त्याचा ऑक्टेन उतरतो, इंजिन ठोके मारतं. आपल्या जिल्ह्यात हा धंदा किती भयंकर होता, ते २५ जानेवारी २०११ ला दिसलं: भेसळ रोखायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आलं. त्या काळात खात्रीच्या पंपासाठी चार पैसे जास्त मोजणं शहाणपणाचंच होतं. पण खात्रीचा पंप वेगळा आणि जास्त ऑक्टेन वेगळा. सुमारे ९ ला १ कॉम्प्रेशनच्या या इंजिनांना ९१ ऑक्टेन पुरतं. ९५ घातल्याने घाटात अधिक ओढ मिळत नाही.

आता नवा आक्षेप पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलचा. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच जुन्या दुचाकींचं अॅव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असं म्हटलं होतं. ही झळ खरी आहे आणि ती नव्या गाड्या परवडणाऱ्यांपेक्षा जुन्या घेणाऱ्यांना जास्त बसते, हे अन्यायाचं आहे. पण त्यावरचा उपाय महाग नोझल नव्हे, कारण महाग पेट्रोल म्हणजे इथेनॉलमुक्त असं समीकरण नाही. त्याच पैशात पेट्रोलची रबरी नळी आणि कार्बोरेटरमधली रबरं बदलून घ्यावीत. इथेनॉल पाणी ओढतं आणि त्र्यंबकचा पाऊस मोठा. म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सोडावा आणि त्यातलं पेट्रोल काढून टाकावं.