कोपरखैरण्याहून बोटीपर्यंत

स्मरणिका समितीने मला ‘जुन्या आठवणी’ हा विषय दिला. सोसायटीची नोंदणी, गच्चीची गळती, पाण्याची टाकी, पार्किंगची भांडणं यावर इतर सभासद लिहिणारच आहेत. मी म्हटलं, आपण आपल्या प्रवासाचा इतिहास लिहू, आणि तोही एकाच ठिकाणचा : घरापासून बोटीपर्यंतचा. आपल्या इमारतीत कोकणातली घरं बरीच आहेत. शिवाय हल्ली ‘क्रूझला जाऊन आलो’ हे वाक्य जिन्यात वरचेवर ऐकू येतं. त्यावर ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘पण तिथे जायचं कसं?’’

माझी आई देवगडची. लग्न होऊन ती मुंबईत आली ती बोटीने, भाऊच्या धक्क्यावर. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्यावरून धक्क्याला हे नाव पडलं. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती आणि रस्ते म्हणजे घाटातली धूळ. म्हणून बोट हीच आपल्या लोकांची एसटी. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी पणजी, असा तिचा क्रम. पुष्कळ बंदरांत बोट किनाऱ्याला लागतच नसे. ती लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या असं सगळं खाली-वर व्हायचं. खलाशी हात धरून पोरांना वर खेचत. पावसाळ्यात वाहतूक बंद. आईला हे सगळं पाठ होतं.

या प्रवासाला भीतीचीही किनार होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्या घरात बोटीला निघताना देवाला नारळ ठेवल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे, तो त्याच वर्षापासूनचा शिरस्ता. तरी माणसं जातच राहिली, कारण दुसरा मार्ग नव्हता. मी लहानपणी त्या बोटीने गेलो आहे. पुढे ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटीही आल्या आणि बंद पडल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि बोट हा विषय म्हाताऱ्यांच्या गप्पांपुरता उरला.

आता आपल्या बाजूचं. ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ मध्ये झाला. मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली ती ९ मे १९९२ रोजी. २००० साली आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा कोपरखैरण्यातून मुंबईला जाणं म्हणजे आधी बसने वाशी स्टेशन आणि मग हार्बर. बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली तरी त्या दिवशी देव पावला असं वाटायचं. जुन्या सभासदांना ती रांग आठवत असेल.

आई २००१ मध्ये आमच्याकडे राहायला आली. एक दिवस तिने विचारलं, ‘‘बोट आता खंयसून सुटता रे?’’ मी सांगितलं, बंद झाली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘मगे धक्क्यार तरी व्हर माका एकदा.’’ तिचे गुडघे दुखायचे. बस, मग लोकल, मग डॉकयार्ड रोडच्या पायऱ्या. मी म्हटलं, ‘‘ठाणे-वाशी गाडी सुरू होऊ दे, मग आरामात नेतो.’’ टॅक्सी करून नेता आलं असतं. पण तेव्हा घराचे हप्ते चालू होते आणि मला वाटलं, घाई काय आहे.

ठाणे-वाशी गाडी २००४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. आई त्याच वर्षी गणपतीत गेली.

त्यानंतर १९ वर्षांनी, २०२३ मध्ये, मुलाने आम्हा दोघांना क्रूझचं तिकीट काढून दिलं. गाडी बुक करतो म्हणाला, मी नको म्हटलं. आपल्या मजल्यावरचं एक कुटुंब पूर्वी गोव्याच्या ‘आंग्रिया’ बोटीने गेलं होतं. ती बोट २०१८ मध्ये सुरू झाली आणि माझगावच्या बाजूने सुटायची. त्यांनी सांगितलं, डॉकयार्ड रोडला उतरा. माझ्या डोक्यातही लहानपणापासून बोट म्हणजे डॉकयार्ड रोडच. तिकिटावर काय छापलंय ते नीट वाचायची गरज वाटली नाही.

उतरलो. दोन बॅगा घेऊन पायऱ्या उतरलो, गेटवर गेलो. सुरक्षारक्षकाने तिकीट पाहिलं आणि म्हणाला, ‘‘काका, हे बॅलार्ड पिअर. ग्रीन गेटला जा.’’ बंदराच्या दरवाजांना रंगांची नावं आहेत, यलो, ऑरेंज, ग्रीन, हे मला माहीत होतं. पण कुठला रंग कुठे, हे नाही. पहिल्या दोन टॅक्सीवाल्यांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने नेलं. बायको वाटभर काही बोलली नाही, त्यावरून काय ते समजा. चेक-इन बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती.

नंतर मी या जागेची माहिती वाचली तेव्हा हसू आलं. एकेकाळी बॅलार्ड पिअरला स्वतःचं रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल. विलायतेहून टपाल बोट लागली की उतारू बोटीतून उतरून जवळजवळ थेट गाडीत बसत. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल तिथून पेशावरकडे निघायची. म्हणजे साहेबासाठी गाडी बोटीपर्यंत येत होती. आपल्या चाकरमान्याला मात्र ट्रंक डोक्यावर घेऊन भाऊचा धक्का गाठावा लागे. आणि आपण रोज ज्या हार्बर लाइनने जातो ती गोदीच्याच अंगाने वाढलेली. १९१० मध्ये कुर्ला ते रे रोड, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची गाडी याच मार्गावर धावली.

सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्यामुळे जाणाऱ्यांसाठी माझ्या चुकीतून शिकलेलं सांगतो. कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी. तिथे पूल ओलांडून सीएसएमटी लोकल. शेवटपर्यंत बसा, मध्ये कुठेही उतरू नका. सीएसएमटीहून ग्रीन गेट साधारण दीड किलोमीटर. बॅग हलकी असेल तर चालत वीस-पंचवीस मिनिटं, नाहीतर टॅक्सी. घरातून निघाल्यापासून दोन तास धरा. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असतो, तो आदल्या दिवशी पाहून ठेवा. आणि तिकिटावरचं गेटचं नाव मोठ्याने वाचा, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्या रात्री मी डेकवर उभा होतो. किनाऱ्यावर लांब दिवे दिसत होते. त्यातला देवगडचा कोणता, हे सांगायला कोणी नव्हतं. बोट छान होती, जेवण भरपूर होतं. पण ती कुठल्याच बंदरात आंब्याची पेटी उतरवायला थांबणार नव्हती. आईच्या वेळी बोट हीच सार्वजनिक वाहतूक होती. आता सार्वजनिक वाहतुकीने बोटीपर्यंत जायचं असतं, आणि बोट मौजेची असते. आपली खाडी तर घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत बेलापूरहून जलटॅक्सीही सुरू झाली, पण रोज कामाला जाणाऱ्याला लोकलऐवजी तिची आठवण व्हावी, असा दिवस अजून यायचा आहे. पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणीतरी तो आल्याचं लिहावं.

तोवर एक विनंती. आपल्या सोसायटीत सत्तरी ओलांडलेले बरेच जण आहेत. त्यांच्यापैकी कोणी ‘एकदा धक्क्यावर न्या’ म्हटलं, तर नवी लाइन सुरू व्हायची वाट पाहू नका. टॅक्सी करा.