परक्या वायूचें घर

नागपूर-अमरावती रस्त्यावरील तळेगाव (श्यामजी पंत) हें गांव कापसाच्या मुलखांतलें. याच मुलखांत, नागपुरास, १८७७ सालीं जमशेटजी टाटांनीं एम्प्रेस मिल सुरू केली आणि तिच्या यशावर त्यांचें वैभव उभें राहिलें. पुढें विज्ञानसंस्थेसाठीं त्यांनीं तीस लक्ष रुपयांची मालमत्ता देऊं केली. संस्थेची जागा पाहण्यास रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से १९०० सालीं हिंदुस्थानांत आले. त्यांनीं बंगलोर सुचविलें. १९०६ सालीं तिचे पहिले संचालक झाले मॉरिस ट्रॅव्हर्स.

याच दोघांनीं १८९८ सालीं लंडनमध्यें द्रवरूप हवेच्या शेषांतून एक नवा वायु वेगळा केला होता. हवेच्या सुमारें एक कोटि पंधरा लक्ष भागांत त्याचा एक भाग! त्याला झेनॉन हें नांव ज्या ग्रीक शब्दावरून दिलें, त्याचा अर्थ परका, तसाच पाहुणाहि.

हा पाहुणा कोणाशीं सहसा संयोग पावत नाहीं. मग त्याचा उपयोग काय? चुंबकीय अनुनादानें शरीराचें चित्र काढतात, तें मुख्यतः पाण्यांतील हायड्रोजनचें. झेनॉन शरीरांत मुळींच नसतो. म्हणून तो आंत गेला, कीं त्याची खूण निराळी उमटते. लेसरच्या साह्यानें त्याचीं केंद्रकें एका दिशेस वळवून १९९४ सालीं उंदराच्या फुप्फुसांचें चित्र घेण्यांत आलें.

परंतु रोगाची नेमकी जागा दाखवावयाची, तर वायूला तेथें थांबविणारें घर हवें. आंद्रे कोले यांनीं १९८१ सालीं घडविलेला क्रिप्टोफेन हा पोकळ रेणु तसें घर ठरला. अडचण एवढीच, कीं तो पाण्यांत विरघळत नव्हता, आणि शरीर तर पाण्यानें भरलेलें! म्हणून त्यास जलप्रिय अणुगट जोडले. २००१ सालीं बर्कले येथें अलेक्झांडर पाइन्स व सहकाऱ्यांनीं अशा घरास विशिष्ट प्रथिन ओळखणारा दुवाहि जोडला. पाहुणा घरांत सतत येतो-जातो; घरांतील झेनॉनची खूण रेडिओलहरींनीं पुसली, कीं बाहेरच्या साठ्याची खूणहि क्षीण होत जाते. २००६ सालीं दाखविलेल्या या युक्तीनें थोडकींच घरेंहि दिसूं लागलीं.

फुप्फुसांच्या तपासणीसाठीं झेनॉनला अमेरिकेंत २०२२ सालीं मान्यता मिळाली. या घरांचें काम मात्र अद्याप प्रयोगशाळेंतच चालू आहे. जमशेटजी १९०४ सालीं वारले. संस्था त्यांनीं पाहिली नाहीं. झेनॉनचा हा उपयोग रॅम्से व ट्रॅव्हर्स यांनाहि दिसला नाहीं. ज्ञानासाठीं पैसा देणाऱ्यानें फळाची तारीख विचारूं नये, हेंच या इतिहासाचें सांगणें आहे.