गोल्फचा हँडिकॅप आणि खेळाडूची सचोटी

सोलापूरच्या पार्क मैदानावर क्रिकेटचा सामना रंगतो, तेव्हा निर्णय देण्यास पंच असतात. हौशी गोल्फमध्ये बहुधा पंच नसतो. प्रत्येक फटक्याची नोंद खेळाडूंनीच करावयाची असते.

खेळाडूचे कौशल्य दर्शविणारा अंक म्हणजे हँडिकॅप. २०२० मध्ये अमलात आलेल्या जागतिक पद्धतीनुसार शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांवरून तो काढतात. कमाल मर्यादा ५४ आहे. एकूण फटक्यांतून तो वजा होतो. ९० फटके घेणाऱ्या १८ हँडिकॅपच्या खेळाडूची निव्वळ संख्या ७२ ठरते. त्यामुळे नवखाही मुरलेल्या खेळाडूशी बरोबरीने झुंजू शकतो.

लबाडी येथेच शिरते. बक्षिसासाठी काही जण चांगल्या फेऱ्या नोंदवीतच नाहीत, तर प्रतिष्ठेसाठी काही जण वाईट फेऱ्या लपवितात. सहखेळाडूची साक्ष आणि क्लबची हँडिकॅप समिती यांचा त्यावर अंकुश असतो.

१९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत हौशी खेळाडू बॉबी जोन्स यांनी, इतर कोणी न पाहिलेली चेंडूची हालचाल स्वतः सांगून एका फटक्याचा दंड ओढवून घेतला. पुढे बरोबरी झाली आणि फेरलढतीत विजेतेपद हुकले.