कारवाँ, जकात आणि सीमेवरचा शिक्का

वर्गात ‘कारवाँ’ हा शब्द आला की मी फळ्यावर त्याच्याशेजारी ‘व्हॅन’ लिहिते. मुलं हसतात. पण हा फारसी शब्द युरोपात जाऊन ‘कॅरव्हॅन’ झाला आणि पुढे इंग्रजांनी त्याचं डोकं छाटून शेपूट तेवढं ठेवलं, ती ही व्हॅन. ज्या गाडीत झोपायची, चहा-नाश्ता करायची सोय असते, त्या कॅम्पर व्हॅनच्या नावात आपला जुना काफिला अजून बसलेला आहे.

1960 आणि 70च्या दशकांत अशा गाड्या युरोपातून रस्त्याने थेट हिंदुस्थानात येत. इस्तंबूल, तेहरान, मशहद, हेरात, कंदाहार, काबूल, पेशावर, लाहोर, मग अमृतसर आणि दिल्ली. काही जण पुढे गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर मुक्काम टाकत. याला ‘हिप्पी ट्रेल’ म्हणतात. मला हे नाव अपुरं वाटतं, कारण हिप्पी येण्याआधी शेकडो वर्षं याच वाटांनी व्यापारी, सूफी, विद्यार्थी आणि फौजा ये-जा करत होत्या. हिप्पींवर भरपूर लिहिलं गेलंय. मला कुतूहल आहे ते सीमेवर नेमकं काय घडायचं याचं.

माणसाला पासपोर्ट लागतो, तसा गाडीलाही एक लागतो. त्याला कार्ने म्हणतात. मायदेशातली ऑटोमोबाईल संस्था बँकेची हमी घेऊन हे पुस्तक देते. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना कस्टमवाला एक तुकडा फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा फाडतो, आणि शिक्के मारलेलं तिसरं अर्धुक गाडीवाल्याकडे राहतं. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर गाडी तिथेच विकली असं धरून पूर्ण आयात कर वसूल होतो. म्हणजे गाडी बंद पडली तरी ती ओढत सीमेपर्यंत न्यायची! तरीही विकणारे विकतच. ‘लोनली प्लॅनेट’ काढणारं व्हीलर दांपत्य 1972 मध्ये लंडनहून जुन्या गाडीने निघालं आणि ती त्यांनी काबूलला विकून टाकली.

अफगाणिस्तानातून पाकिस्तानात शिरताना तोरखमला आणखी एक गंमत. अफगाण रस्त्यावर वाहनं उजवीकडून चालतात, पाकिस्तानात डावीकडून. फाटक ओलांडलं की बाजू बदलायची आणि समोर लगेच खैबरचा घाट.

आता सहाशे-साडेसहाशे वर्षं मागे जाऊ. 1333 मध्ये इब्न बतूता अफगाणिस्तानातून उतरून सिंधूकाठी पोचला. सुलतान मुहम्मद बिन तुघलकाचे खबरनवीस तिथे तयारच होते. आलेला परदेशी कोण, दिसतो कसा, कपडे कोणते, बरोबर नोकर किती, जनावरं किती, सगळं टिपून दिल्लीला पाठवलं जाई. सिंधपासून दिल्ली पन्नास दिवसांची वाट, पण डाकेने खबर पाच दिवसांत पोचे असं तो सांगतो. सुलतानाचं उत्तर येईपर्यंत पाहुण्याने मुलतानमध्ये थांबायचं. याला व्हिसा नाही तर काय म्हणायचं?

मुलतानच्या वाटेवर सामानाची झडतीही होती. व्यापाऱ्यांच्या मालाचा चौथा हिस्सा आणि घोड्यामागे सात दिनार कर. इब्न बतूताला झडतीचं फार टेन्शन आलं होतं, कारण त्याचं सामान दिसायला मोठं आणि आत विशेष काही नाही. मोठ्या मोरोक्कन आलिमाची ही लाज मला फार माणसातली वाटते. त्याच्या सांगण्याप्रमाणे दोन वर्षांनी सुलतानाने हे कर उठवले आणि फक्त जकात व उश्र घ्यायचा हुकूम काढला. आपण इबादत म्हणून देतो ती जकात आणि मुंबईच्या वेशीवर 2017 पर्यंत ट्रक अडवून ठेवणारी जकात, मराठीत हा एकच शब्द का, याचं उत्तर या जुन्या करव्यवस्थेत आहे.

मुलतानच्या चौकशीत आणि वाघ्याच्या चौकशीत मला एक फरक दिसतो. इब्न बतूताला विचारलं गेलं, तू कोण आणि कशासाठी आलास. उत्तर पटलं आणि पुढे दिल्लीत त्याला काझीपद मिळालं. विसाव्या शतकात माणसाआधी त्याचं पासपोर्टबुक बोलायला लागलं. ब्रिटिश नागरिकाला भारतात यायला 1984 पर्यंत व्हिसाच लागत नव्हता. भारत आणि पाकिस्तानच्या नागरिकांसाठी मात्र 1948 मध्येच परमिट आलं, 1952 मध्ये पासपोर्ट-व्हिसा आला. आणि तो व्हिसा देशाचा नसतो, ठरावीक शहरांचा असतो. उतरल्यावर पोलीस ठाण्यात हजेरी, निघताना पुन्हा हजेरी. तुघलकाचे खबरनवीस वेगळ्या गणवेशात परत आले, एवढंच.

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांचं एक पान कराचीत आहे. आमचंही आहे. मुंबई ते कराची हवाई अंतर सुमारे 900 किलोमीटर. पण 1965 च्या लढाईनंतर मुनाबाव-खोखरापारची रेल्वे बंद झाली ती 2006 मध्ये सुरू झाली आणि 2019 मध्ये पुन्हा थांबली. भारताचं कराचीतलं दूतावास कार्यालय 1994 मध्ये बंद झालं, तेव्हापासून कराचीच्या माणसाला इकडे यायचं तर आधी अर्ज इस्लामाबादला.

माझी नानी 1978 मध्ये भावाला भेटायला गेली. मुंबईहून अमृतसर, अटारीवरून लाहोर, आणि तिथून गाडी बदलून कराची. व्हिसा फक्त कराचीचा. लाहोरला दाता दरबारवर फातिहा पढायची तिची फार इच्छा होती, मामू म्हणाले, “अम्मी, कागदावर लाहोर नाही.” त्या वर्षी युरोपातल्या व्हॅन लाहोरमधून येतच होत्या. पुढच्याच वर्षी इराणात क्रांती झाली, डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि त्यांचीही वाट मोडली.

एप्रिल 2025 मध्ये अटारीची चौकीही बंद झाली. नानीचा तो पासपोर्ट मामूंच्या कपाटात आहे. कराचीच्या पोलीस ठाण्याचे दोन शिक्के त्यावर अजून स्पष्ट वाचता येतात, आल्याचा एक आणि गेल्याचा एक.