लाल मणी

साल 1990, हिवाळा. गडचिरोलीपासून आत, जंगलाच्या कडेच्या एका गावात तुम्ही उभे आहात. धान कापून झालंय, बांधांवर दव आहे. जवळचा दवाखाना कित्येक कोस दूर, नि एस.टी. दिवसातून एखादी.

कुडाच्या घरात वाकून शिरता. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात. आईच्या मांडीवर सात महिन्यांचं लेकरू, अंगात ताप, नाकपुड्या फुललेल्या. आजी म्हणते, "डबा झाला." तुम्ही नकळत एक्स-रेचं मशीन शोधू लागता. इथे तर विजेचा दिवाही नाही.

तेवढ्यात गावची दाई येते. लेकरू किंचाळतंय, म्हणून ती हातही लावत नाही. "रडून रायलं त मोजता येत नाही. आधी छातीले लाव." लेकरू शांत झाल्यावर ती अंगडं वर करते. आता तुम्हालाही दिसतं: दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडतोय, आणि श्वास भराभर चाललाय. फुप्फुसाच्या पिशव्यांत पू-पाणी भरलं की प्रत्येक श्वासातून प्राणवायू कमी मिळतो, म्हणून शरीर श्वासांची संख्या वाढवतं. छातीत काय चाललंय ते बाहेरून कळण्याची ही सोय निसर्गानेच करून ठेवलीय.

पण दाईला बारापलीकडे मोजता येत नाही. म्हणून डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिला एक साधन दिलंय: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांखालच्या तान्ह्यांसाठी, दुसरी मोठ्या लेकरांसाठी. ती घड्याळ उलटं करते. दहा श्वास, एक मणी. पुन्हा दहा, पुन्हा मणी. वाळू अजून पडतेय आणि लाल मणी सरकतो. न्यूमोनिया! आजीच्या भाषेत 'डबा'.

दाई को-ट्रायमोक्साझोल काढते, सकाळ-संध्याकाळचा डोस आईला समजावते. तुमच्या मनात शंका येतेच: अडाणी बाईच्या हातात अँटिबायोटिक?

उत्तर याच जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. 'सर्च'ने इथल्या 58 गावांत पालकांना न्यूमोनियाची लक्षणं शिकवली आणि उपचार गावातच आरोग्यसेवक नि दाया यांच्याकडे सोपवले. तुलनेला 44 गावं ठेवली. उपचार मिळालेल्या 612 आजारांत मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के. तुलनेच्या गावांत ते 13.5 टक्के. वर्षभरानंतर न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी 8.1, तर तिकडे 17.5. तुम्ही जिला अडाणी म्हणालात, तिच्या कामाचा हा हिशेब आहे.

आता परत या. तुमच्या घरातलं मूल खोकत असेल, तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली 60, एक वर्षाखाली 50, पाच वर्षांखाली 40. आकडा इथवर पोचला किंवा बरगड्यांखाली खड्डा पडला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. श्वास संथ असेल आणि नुसती सर्दी असेल, तर अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका.