पंगत, पेला आणि इंग्रजी

थाटीपुराहून मुरारच्या दिशेने निघाले की जुन्या छावणीचा परिसर लागतो. १८८६ साली किल्ला आणि मुरार शिंदे सरकारास परत मिळाले, मोबदल्यात झाशी इंग्रजांकडे गेली आणि गोऱ्या फौजेने आपला मुक्काम हलवला. इंग्रजी मात्र येथेच राहिली. गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या बैठकीत एका आजोबांनी 'शेड्यूल' म्हटले आणि चहा घेऊन आलेल्या नातवाने लगेच 'स्केज्युल' अशी दुरुस्ती केली. शुद्ध कोणते, यावर तासभर वाद रंगला. 'मी जाऊन राहिलो आहे' या आमच्या ग्वाल्हेरी बोलण्यावर पुण्याच्या पाहुण्यांनी केलेली थट्टा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे, त्यांनी परक्या भाषेच्या शुद्धतेसाठी एवढे हिरिरीने भांडावे, याची आम्हांला मोठी गंमत वाटली.

त्या वादातूनच या लेखाचा विषय निघाला. आपल्याकडे इंग्रजी शिकवायला आले ते पुष्कळदा पाद्री. प्रत्येकाने आपल्या मुलखाचे इंग्रजी आणले आणि त्याबरोबरच येशूच्या अखेरच्या भोजनाची आठवण पाळण्याची आपापली रीतही आणली. प्रॉटेस्टंट मराठी माणूस त्या विधीस 'प्रभुभोजन' म्हणतो, तर वसई-गोव्याचा कॅथलिक पोर्तुगीजांकडून आलेला 'मिस्सा' हा शब्द वापरतो. मुंबईत १८२९ पासून जॉन विल्सन यांचे स्कॉटिश मिशन होते. स्कॉटलंडची जुनी रीत लांब मेजाभोवती बसून भाकर व द्राक्षारस एकमेकांच्या हाती देण्याची. अँग्लिकन मंडळी वेदीपुढे गुडघे टेकून पाद्र्याच्या हातून तो प्रसाद घेत. अहमदनगरास १८३१ पासून अमेरिकन होते, तर होळकरांच्या इंदुरास १८७७ मध्ये कॅनडाचे मिशन आले. एकाच पिढीतल्या मराठी विद्यार्थ्यांच्या कानी 'र'चे किती निरनिराळे उच्चार पडले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

आमच्यासारख्याच स्थलांतरित मराठ्यांच्या तंजावरात हा प्रकार आणखी आधी घडला होता. दुसऱ्या सरफोजीराजांचे गुरू आणि पाठीराखे श्वार्ट्झ हे जर्मन पाद्री. म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजी जाणणाऱ्या आद्य मराठी राजांपैकी एकाला या विद्येची गोडी लागली ती इंग्रजाकडून नव्हे, जर्मनाकडून! राजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तरीही १७९८ साली श्वार्ट्झ वारल्यावर शिल्पकार फ्लॅक्समनकडून त्यांचे संगमरवरी स्मारक त्यांनी करवून घेतले. त्याच तंजावरच्या ख्रिस्ती मंडळीत जातीचा प्रश्न पेटला. जर्मन मिशनऱ्यांनी जातवार वेगळे बसणे चालू दिले होते. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद पूर्णपणे सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा वेल्लाळ ख्रिस्ती मोठ्या संख्येने मंडळी सोडून गेले. देव बदलण्यास तयार झालेली माणसे शेजारी बदलण्यास तयार नव्हती.

यात परक्या धर्माला हसण्यासारखे काही नाही. एकाच पेल्याला सर्वांनी ओठ लावायचे, म्हणजे आपल्या भाषेत उष्टे प्यायचे. पंगतीत कोण कुठे बसले आणि पाणी कोणी वाढले यावर ज्यांनी घराण्याची अब्रू तोलली, त्यांना हा विधी किती जड गेला असेल, हे समजण्यासाठी आपल्या आज्यांचे सोवळे आठवले तरी पुरे.

आता आमच्या शेजारची गोष्ट. नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ काशीपुरा येथे झाला. घराणे बुंदेलखंडात स्थिरावलेले चित्पावन. पुढे मंडळी काशीस गेली. मिशनऱ्यांचे खंडन करावे म्हणून या तरुण पंडिताने १८४४ मध्ये 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि चारच वर्षांनी, १८४८ साली, जौनपुरास स्वतःच बाप्तिस्मा घेतला. खंडनासाठी प्रतिपक्षाचे शास्त्र वाचणारा त्या शास्त्रातच गुंतला. १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंहांबरोबर ते विलायतेस गेले. पुढे अँग्लिकन पंथाचे पाद्री झाले आणि ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यासी संघात उमेदवार म्हणून राहिले. त्यांनी कायमची व्रते मात्र घेतली नाहीत. या संघाच्या मते प्रभुभोजनातील भाकर व द्राक्षारसात ख्रिस्ताची खरी उपस्थिती असते. ते नुसते स्मरण नव्हे. नैवेद्य आणि प्रसाद यांतला फरक जाणणाऱ्या काशीच्या पंडिताला ही कल्पना जवळची वाटली असावी, असा आमचा तर्क आहे.

त्यांची मुलगी एलेन लक्ष्मी १८५३ साली काशीस जन्मली. आई लक्ष्मीबाई लवकरच वारली. मुलीचे संगोपन इंग्रज कुटुंबांत झाले, बालपणाचा मोठा भाग इंग्लंडात गेला आणि १८८० मध्ये ती हिंदुस्थानात परतली. तिच्या भक्तिगीतांचा संग्रह १८८३ साली निघाला, तो इंग्रजीत. बापाने हिंदीत 'षड्दर्शन दर्पण' लिहिला आणि मुलीने इंग्रजीत गीते लिहिली. गोरे घराण्याची ती मराठी कुठे गेली? उत्तरेतल्या मराठी माणसाने हा प्रश्न इतरांना विचारण्यापूर्वी आपल्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहावे.

गोऱ्यांच्या लेखनाचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला. १८८३ साली त्या वैद्यकीय शिक्षण घ्यावे म्हणून इंग्लंडास गेल्या. कमी ऐकू येत असल्याने तो बेत फसला. सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज येथील मठात त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या आश्रयाने त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः शिकत. कानाने अधू असलेल्या बाईने परकी भाषा कमवायची म्हणजे ओठ आणि पुस्तक यांचाच आधार. तरीही १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. उच्चार त्यांच्या आड आला नाही.

मठाशी त्यांचे खटके उडाले ते मात्र उच्चारावरून नव्हते. बाई शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेले गोड पदार्थही नाकारीत. मठवासिनींना त्यात ब्राह्मणी अहंकाराचे अवशेष दिसले. क्रुसावर लॅटिन शब्द होते, तेव्हा बाईंनी ते संस्कृतात का नसावेत असे विचारले. लॅटिन न जाणणाऱ्या माणसाने लॅटिन अक्षरे का मिरवावीत, हा त्यांचा प्रश्न आम्हांला आजही बिनतोड वाटतो. भोजनात सहभागी व्हायचे, पण यजमानाची सारी रीत गिळायची नाही, असा तो हट्ट होता. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये धर्मांतर केले आणि १९१७ साली मिशन सोडून 'देवाचा दरबार' स्थापला. तेथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. तोही अशाच हट्टाचा एक प्रकार होता.

विसाव्या शतकात दोन्ही कड्या सैल झाल्या. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनऐवजी मराठी-कोंकणीत होऊ लागली. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपुरास सहा प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन केली. गुडघे टेकणारे आणि बसून घेणारे एका संघात आले. इंग्रजीच्या बाबतीतही १९६९ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतून रा. कृ. बन्सल यांचा भारतीय इंग्रजी किती समजते यावरचा अभ्यास निघाला. विलायती उच्चाराची हुबेहूब नक्कल साधण्यापेक्षा ऐकणाऱ्याला समजणे महत्त्वाचे, हा विचार त्यानंतर अध्यापनात बळावला. १९८५ पासून ब्रज काचरू यांनी जगातल्या इंग्रजींची तीन वर्तुळे मांडली. तरी थाटीपुरातल्या पालकांना वर्गात लंडनच लागते, हेही खरे.

रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून अल्पशिक्षित बायकांना समजेल अशा साध्या मराठीत बायबल उतरवले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. छपाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झाली आणि त्यासाठीचे खिळे तिथल्या स्त्रियांनीच जुळवले होते.